समजा, वाट नाही

तळवड्यात दुपारी दीड ते तीन एवढा वेळ निशिगंधाचा स्वतःचा असायचा. बाकीचा दिवस इंदूचा, घराचा आणि सुजितच्या शिफ्टचा. दीड वाजता इंदू आतल्या खोलीतल्या झोळीत झोपायची, सासूबाई स्वयंपाकघरात चटई टाकून आडव्या व्हायच्या, आणि निशिगंधा हॉलमधल्या टीपॉयसमोर मांडी घालून बसायची. खिडकीखालच्या शेडमध्ये पत्रा ठोकायचा प्रेस चालायचा. धप्प, धप्प, धप्प. राहायला आली तेव्हा त्या आवाजानं तिचं डोकं उठायचं. आता तो थांबला की दचकायला व्हायचं. इंदूला तर जन्मापासून तीच अंगाई.

त्या दीड तासात तिला पीएच.डी. पुरी करायची होती. गणितातली.

बाळंतपणाची रजा धरून सातवं वर्ष चालू होतं. मुदतवाढी मागून मागून संपल्या होत्या. विद्यापीठाचं पत्र फ्रिजवर चुंबकाखाली लावलेलं होतं: मेअखेर प्रबंध सादर न झाल्यास नोंदणी रद्द. चार प्रकरणं तयार होती. पाचवं एका प्रमेयापाशी अडलं होतं, आणि ते अडलं म्हणून आधीची चारही अधांतरी होती. तिच्या मार्गदर्शक विजयश्री मॅडम कधी रागवायच्या नाहीत. फोनवर हळू आवाजात एवढंच विचारायच्या, "थोडं पुढं सरकलं का?" त्या हळू आवाजाचंच तिला जास्त लागायचं.

लग्नानंतर सुजितनं एकदा प्रामाणिकपणे विचारलं होतं, की तू नक्की करतेस काय. तो चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. मोजता येत नाही अशा गोष्टीवर त्याचा विश्वास बसायचा नाही. तिनं पोळपाटावरच्या पिठात बोटानं रेघा ओढून दाखवल्या होत्या. हे एकेरी रस्त्यांचं जाळं समज. सगळे रस्ते एकमेकांना जोडलेले. प्रत्येक चौकात जेवढे रस्ते आत येतात, तेवढेच बाहेर जातात. गाव लहान असेल तर कुठल्याही चौकातून कुठल्याही चौकात जाता येतं, आणि परतही येता येतं. हे जुनं झालं. पण जाळ्याला शेवटच नसेल, तर गेलेला माणूस परत येईलच असं नाही. मग जाळ्याला कुठल्या अटी घातल्या की तो नक्की येईल, ते मी शोधतेय.

सुजितनं त्या पिठाकडे बघितलं. मग म्हणाला, "संध्याकाळी सहाला तळवडे चौकात येऊन बघ. तिथं कुठल्याच अटीवर कोणी परत येत नाही."

मार्चअखेरीला तिचं कच्च्या कामाचं पॅड संपलं. इंदूला घेऊन दुकानापर्यंत जायचं म्हणजे अर्धी दुपार गेली. तिनं कपाट उघडलं, आणि वरच्या फळीवर दुपट्यांच्या खाली तिला एक लांब वही सापडली. कोरी, दोनशे पानी, आत एक पेन खोचलेलं. मुखपृष्ठावर हळदीचा हात लागला होता. तिनं तो ओल्या फडक्यानं पुसला आणि वही उघडली.

कच्चं काम ती मराठीत करायची. राजगुरुनगरच्या शाळेत तिला गणित शिकवणारे शेखर सर म्हणायचे, आधी आपल्या भाषेत पटलं पाहिजे, मग जगाला सांगा. शेवटची इंग्रजी प्रत कॉम्प्युटरवर. पण डोकं चालायचं ते कागदावर आणि मराठीत. आणि तिची लाडकी रीत होती उलट्या बाजूनं जाण्याची. जे सिद्ध करायचं, ते तसं नाहीच असं मानायचं, आणि त्या मानण्याच्या मागं मागं जात राहायचं, ते स्वतःच्याच भारानं कोसळेपर्यंत. खोटं कोसळलं की खरं उरतं. म्हणून तिचं प्रत्येक पान एकाच शब्दानं सुरू व्हायचं: समजा.

त्या वहीत तिनं पहिल्या दिवशी लिहिलं, ‘समजा, ग पासून घ पर्यंत वाट नाही.’ खाली सात-आठ ओळी झाल्या आणि इंदू उठली. पेन तसंच ठेवून ती आत गेली.

त्या दिवशी सुजितची बस साडेचारऐवजी पावणेआठला आली. तो हसतच घरात शिरला, पण हसणं तोंडावर टिकत नव्हतं. त्यांचा ड्रायव्हर जयसिंग नऊ वर्षं तोच रस्ता चालवत होता. निघोजे, मोई, मोईचा पूल, चिखली, की तळवडे. आज मोईचा पूल ओलांडला आणि पुन्हा मोई आली. पुन्हा पूल, पुन्हा मोई. पहिल्यांदा सगळ्यांनी जयसिंगला शिव्या घातल्या, दुसऱ्यांदा मोबाईलवर रस्ता बघून दिला, आणि नंतर कुणी बोलेचना. एका टपरीवाल्यानं त्यांना चार वेळा जाताना बघितलं. शेवटी जयसिंगनं बस उलटी फिरवली आणि आळंदीकडून वळसा घालून आणली.

"गर्मीनं डोकं फिरलं असेल," निशिगंधा म्हणाली.

"बेचाळीस माणसांचं?" सुजितनं विचारलं, आणि आंघोळीला गेला.

दुसऱ्या दुपारी तिनं ते पान पुरं केलं. विरोधाभास पंधरा मिनिटांत हाती लागला, इतका सहज की तिला स्वतःचंच नवल वाटलं. दोन वर्षं ज्या जागी ती डोकं आपटत होती, तिथं या वहीत एकामागून एक ओळी जणू वाटच बघत होत्या. त्या दिवशी बस साडेचारला आली.

एप्रिल असाच गेला. वही भरत चालली. इंदूला दोन दात आले, ती खुर्चीला धरून उभी राहायला लागली, पडली की आधी आजूबाजूला बघून मग रडायला लागली. दुपारी लिहिताना निशिगंधाचा एक कान आतल्या खोलीकडं असायचा आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिला वाटायचं, हे आपण इंदूच्या वाटचं काढून घेतोय. मग वाटायचं, एकदाचं झालं की सगळं तिचंच. मग ती पुढची ओळ लिहायची.

महिन्याच्या शेवटाला इंदूला लसीचा ताप आला. ‘समजा, च पासून छ पर्यंत वाट नाही’ एवढं लिहून वही दोन दिवस तशीच मिटून राहिली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दार वाजलं. घरमालक मारुतराव दारात उभे. तळमजल्यावर राहायचे, गावातलं जुनं घराणं. शेताचे प्लॉट झाले तशी त्यांनी ही तीन मजली इमारत स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. सदरा घामानं अंगाला चिकटला होता आणि एका हातानं त्यांनी चौकट घट्ट धरली होती.

"पोरी, ह्यो तिसराच मजला न्हवं?"

तिनं त्यांना आत आणून बसवलं, पाणी दिलं. दोन तांबे पाणी प्यायल्यावर ते बोलले. सकाळी नऊला टाकीतलं पाणी बघायला गच्चीकडं निघाले होते. आता सव्वा वाजला होता.

"अडतीस पायऱ्या हायेत हितवर. मीच बांधल्यात, मला ठावं न्हाई व्हय? मोजत निघालो. चारशेपतुर मोजल्या, मंग सोडून दिलं." त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही, हातातल्या तांब्याकडं पाहिलं. "खाली बगितलं की आमचं दार दिसायचं. जवळच. आन वर बगितलं की तुमचं. कुनाला सांगू नगंस. म्हातारा भरमिष्ट झाला म्हनत्याल."

ते थकून खुर्चीतच पेंगले. निशिगंधा टीपॉयसमोर बसली. उन्हाळा, ऐंशीला टेकलेलं वय, साखर: तिनं सगळी कारणं एकेक करून मांडली, आणि त्यातलं एकही चुकीचं नव्हतं. तरी तिनं वही उघडली. छ पर्यंतची वाट निघायला अर्धा तास लागला. मग तिनं मारुतरावांना उठवलं, हाताला धरून गच्चीपर्यंत नेलं आणि खाली त्यांच्या दारापर्यंत सोडलं. जाताना तिनं पायऱ्या मोजल्या. अडतीस, आणि वरच्या बारा.

त्या दिवसापासून तिनं एक नियम केला, आणि तो कुणाला सांगितला नाही. ‘समजा’ उघडं ठेवून उठायचं नाही.

मे उजाडला. एका दुपारी सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि टीपॉयपाशी थांबल्या. त्या उदगीरकडच्या. नवरा गेल्यावर लेकाकडं आल्या होत्या, आणि सुनेच्या अभ्यासाला त्यांनी कधी नाव ठेवलं नव्हतं, फक्त अधूनमधून विचारायच्या, की संपत आलं का गं. आता त्या खाली वाकल्या, वहीचं मुखपृष्ठ उलटून बघितलं, आणि त्यांचा हात तिथंच राहिला. ही कुठं सापडली, असं त्यांनी विचारलं. मग सांगितलं. इंदूच्या पाचवीला, पाट्या-वरवंट्याची पूजा मांडली तेव्हा, कागद सापडेना म्हणून हीच कोरी वही आणि पेन त्यांनी पाटावर ठेवलं होतं. सटवाईनं येऊन लेकराचं लिहावं म्हणून. निशिगंधा तेव्हा पलंगावर ग्लानीत होती. नंतर त्यांनी वही दुपट्यांच्या खाली जपून ठेवली होती.

"पण ही कोरीच होती, आई."

"आपल्याला कोरी दिसती." सासूबाई रागावल्या नव्हत्या. भाजीत मीठ पडलंय हे सांगावं तसं त्या सांगत होत्या. "लिहिलेल्यावर लिहायलीस तू, बाई."

निशिगंधाला हसू आलं नाही, याचंच तिला वाईट वाटलं. संध्याकाळी तिनं सुजितकडून नवं पॅड मागवलं आणि सगळं त्यात उतरवायला घेतलं. तीन दुपारी गेल्या. उतरवलेलं होतं तसंच दिसायचं, पण पुढची ओळ सुचायची नाही. ती नव्या पॅडवर पेन टेकवून बसायची आणि डोक्यात नुसता प्रेस वाजायचा. सासूबाई पुतणीच्या लग्नाला उदगीरला गेल्या. मॅडमचा फोन आला. त्यांनी या वेळी काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, की मी स्वतःच तुझी नोंदणी रद्द करण्याचं पत्र लिहायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

तीन दिवस उरले तेव्हा तिनं ती वही पुन्हा काढली.

तो मेचा शेवटचा गुरुवार होता. गुरुवारी इथल्या कारखान्यांना सुट्टी, आणि दुरुस्तीच्या नावानं लाईटही जाते. प्रेस बंद, पंखा बंद. इमारतीत इतकी शांतता होती, की फ्रिजमधलं बर्फ वितळून थेंब पडत होते ते ऐकू येत होतं. मारुतराव जमिनीच्या कामाला खेडला गेलेले. सुजित चाकणला. इंदूला तिनं सकाळी मुद्दाम दमवलं होतं, पोटभर भात भरवला होता, आणि पावणेएकलाच ती झोळीत गाढ झोपली. दोन तास तरी मिळणार होते. एकच प्रमेय. शेवटचं. जाळ्यातल्या ठरवलेल्या एका मूळ चौकातून कुठल्याही चौकात जाण्याची आणि तिथून परत येण्याची, दोन्ही वाटा असतात, एवढंच दाखवायचं होतं.

तिनं लिहिलं, ‘समजा, तसं नाही. अ हा मूळ चौक, आणि ब असा एक चौक आहे, की त्यांच्यात एका बाजूनं तरी वाट नाही. बाब पहिली: अ कडून ब कडे वाट नाही.’

ओळी येत गेल्या. पान उलटलं. दुसरं उलटलं. सव्वा वाजला असेल, आणि इंदू उठली.

आधी नुसती कुरकुर. निशिगंधा ओळ पुरी करून उठेन म्हणाली. मग इंदू रडायला लागली, नेहमीसारखं, चढ्या सुरात. नियम नियमाच्या ठिकाणी; पेन ठेवून ती उठली.

हॉलपासून आतल्या खोलीच्या दारापर्यंत अरुंद बोळ होता. नऊ फरशा. दार उघडं होतं. आत झोळी हलत होती आणि झोळीच्या काठावरून इंदूचा एक पाय बाहेर आला होता.

"आले गं, आले, आले."

ती चालली. फरशा पायांखालून मागं गेल्या. उजव्या हाताच्या भिंतीचा गारवा तिला जाणवत होता. ती चालतच राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण बराच वेळ चालतोय.

दार तेवढ्याच अंतरावर होतं.

तिनं मागं वळून बघितलं. हॉल तिथंच, दोन पावलांवर. टीपॉय, वही, पेन. तिनं पुन्हा पुढं तोंड केलं आणि धावली. चपलेचा बंद तुटला, ती चप्पल तिथंच टाकून अनवाणी धावली. छातीत कळ आली तेव्हा थांबली. दार नऊ फरशांवर. पाठीमागं, दोन पावलांवर, हॉल. चप्पल कुठंच नव्हती.

इंदूचं रडणं बदललं होतं. तिला आई दिसली होती. रडता रडता ती झोळीच्या काठाला धरून उठून बसायला बघत होती, आणि झोळी एका अंगाला कलत होती. खाली फरशी.

निशिगंधानं हॉलमध्ये येऊन सुजितला फोन लावला. त्यानं उचलल्या उचलल्या म्हटलं, "किती रडतेय ती. आधी घे ना तिला."

"मला जाता येत नाहीये."

"म्हणजे? दार लागलंय का?"

"दार उघडंच आहे."

पलीकडं मशीनचा आवाज येत होता. तो निघतो म्हणाला, पण यायला पाऊण तास लागेल, तोवर शेजारी कुणाला तरी बोलव म्हणाला. तिनं गॅलरीतून हाका मारल्या. खाली गुरुवारचा रस्ता. शेडला कुलूप. एक कुत्रं सावलीत झोपलेलं, त्यानं कानही हलवला नाही.

ती वहीकडं आली आणि ‘समजा’वर आडवी रेघ मारली. एकदा, दोनदा, कागद फाटेपर्यंत. मग बोळात जाऊन बघितलं. नऊ फरशा, आणि कितीही चाललं तरी नऊ. खोडल्यानं काही खोटं होत नाही, हे ती पोरांना शिकवायची तेव्हा स्वतःच सांगायची. खोटं ठरवावं लागतं.

मग तिनं ते केलं, जे ती कित्येक महिने रोज दुपारी करत आली होती. रडणाऱ्या लेकीकडं पाठ करून ती वहीसमोर बसली.

अक्षर वेडंवाकडं. अ मधून जिथं जिथं जाता येतं, असे सगळे चौक घे. त्या घोळक्यात ब नाही. मग त्या घोळक्यातून बाहेर जाणारा रस्ताच नाही.

आत काहीतरी आदळलं. झोळीची दांडी असावी. इंदू श्वास रोखून गप्प झाली, आणि मग पुन्हा, आधीपेक्षा वर.

बाहेर रस्ता नाही, तर आत येणाराही असू शकत नाही. कारण जेवढे आत, तेवढे बाहेर. पण जाळं अनंत आहे, इथं हिशेब निसटतो. इथं तिची अट लागते. मूळ चौकातून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवरची अट.

इंदूला उचकी लागली होती. रडण्याच्या मध्ये मध्ये मोठी मोकळी जागा पडायला लागली होती.

अट लावली. घोळक्याला सीमा आली. सीमा आली, की हिशेब जुळला पाहिजे. जुळत नाही.

विरोधाभास.

उठता उठता तिनं एक ओळ आणखी लिहिली. दुसरी बाब राहिली होती, ब कडून अ कडं येण्याची. पण ती काय, बाण उलटे केले की तीच सिद्धता. गणित करणाऱ्या कुणाच्याही हातात ही ओळ बसलेली असते. एक बाजू पुरी लिहिली, की दुसरी न लिहिता सोडतात. तिनं लिहिलं, ‘बाब दुसरी: याचप्रमाणे.’ आणि खाली सिद्धता संपल्याचा काळा चौकोन भरला.

बोळ नऊ फरशांचा होता. ती नऊ फरशा चालली आणि दारात पोचली. तुटलेली चप्पल उंबऱ्याशी पडली होती.

इंदू झोळीच्या काठावरून अर्धी बाहेर लोंबत होती, एका हातानं साडीचा पीळ घट्ट धरून. तिनं तिला उचलून छातीशी धरलं. इंदू तापलेली होती, ओली होती, जड होती. तिच्या केसांना घामाचा आणि भाताचा वास येत होता. निशिगंधा तिला घेऊन खाली बसली ती सुजित येईपर्यंत उठली नाही.

प्रबंध शनिवारी सादर झाला. मॅडमनी शेवटचं प्रमेय वाचून दुसऱ्याच दिवशी फोन केला, आणि सात वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. सुबक आहे, म्हणाल्या. निशिगंधानं वही एका पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, माळ्यावर टाकली. सुजितनं त्या गुरुवारबद्दल एकदा विचारलं, मग पुन्हा विचारलं नाही. लाईट नव्हती, उकाडा होता, घाबरली असेल. दुपारी आता ती इंदूच्या शेजारी झोपायची, आणि बाकी वेळ तिला कडेवरच ठेवायची. बसेस वेळेवर येत होत्या.

ऑगस्टमध्ये इंदू चालायला लागली. सुजितनं तिला पीं पीं वाजणारे लाल बूट आणले. रविवारची सकाळ होती. सासूबाईंनी तिला उभी करून सोडली आणि ती चार पावलं टाकत सुजितच्या मांडीवर जाऊन आदळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती पुन्हा आजीकडं गेली. पुन्हा बाबाकडं. मग सुजितनं तिचं तोंड निशिगंधाकडं वळवलं.

"आता आईकडं. पळ."

निशिगंधा पाच-सहा फरशांच्या अंतरावर गुडघ्यांवर बसली होती, हात पसरून. इंदू निघाली. दोन्ही हात वर, तोंड उघडं, हसत. पीं, पीं, पीं. सुजित म्हणाला, थांब, व्हिडिओ काढतो, आणि आत चार्जिंगला लावलेला फोन आणायला गेला. सासूबाईंना कुकरची शिट्टी ऐकू आली म्हणून त्याही उठल्या.

इंदू चालत होती. निशिगंधाला तिच्या पायांखालून फरशा मागं जाताना दिसत होत्या.

सुजित फोन पुसत बाहेर आला. "हे काय, अजून निघालीच नाही?"

निशिगंधा उठली, तीन पावलं चालून गेली आणि तिनं लेकीला उचललं. इंदूला धाप लागली होती. तिनं आईच्या गळ्यात हात टाकले आणि खिदळली, तिला हा खेळच वाटला होता.

त्या दुपारी तिनं माळ्यावरची पिशवी काढली. दुसरी बाब लिहायला घेतली. बाण उलटे केले. चौकात येणारे-जाणारे रस्ते सारखेच राहिले. पण तिची अट फक्त मूळ चौकातून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर होती; बाण उलटे झाले की ती अटच लागू होत नव्हती. तिनं तीन आठवडे, रोज दीड तास, काय काय करून बघितलं. शेवटी सिद्धता सापडली नाही. सापडलं ते उदाहरण. लहानसं, नीटस, अर्ध्या पानात मावणारं एक जाळं, सगळ्या अटी पाळणारं, ज्यात अ कडून ब कडं जाता येतं, आणि ब कडून अ कडं येणारी वाट नाही. तिनं ते चार वेळा तपासलं. त्यात कुठंही चूक नव्हती, आणि त्यात ‘समजा’ हा शब्दही नव्हता.

दोन्ही परीक्षकांचे अहवाल सप्टेंबरात आले. कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. तोंडी परीक्षेची तारीख ठरली. फोनवर मॅडम विचारत होत्या, की आता तरी आनंदात आहेस ना. निशिगंधा हो म्हणाली.

ती घरात अशा जागा धरून बसायला शिकली, की इंदूला तिच्याकडं यावंच लागू नये. इंदूनं हात पसरले, की त्याआधीच उठून जायची. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, की पोरीला एक पाऊल टाकू देत न्हाई, किती जीव गं तुझा.

दिवाळीच्या आधी सासूबाईंनी इंदूचे जुने बूट फेकायला काढले आणि उलटे करून बघितले. सुजितला बोलावून दाखवले. हा तिसरा जोड. पंधरा दिवस झाले नव्हते, आणि घरातल्या घरात फिरणाऱ्या लेकराच्या बुटांचे तळवे पार झिजून आतलं कापड दिसत होतं. सुजित म्हणाला, बाजारातला माल हल्ली असाच असतो, आणि संध्याकाळी चौथा जोड घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशिगंधा ओट्यापाशी भाकरी थापत होती. हात पिठाचे होते आणि पाठ हॉलकडं होती. मागून बुटांचा आवाज येत होता, तिच्याच दिशेनं. पीं, पीं, पीं. दूध तापायला ठेवलं तेव्हा तो सुरू झाला होता. आता दूध निवून त्यावर साय धरली होती.